गरम झाल्यावर सुरू न होणारी नोव्हा: चावी फिरवल्यावर नेमकं काय होतं?

जुलै महिना, ॲरिझोनात फिनिक्सजवळचं चँडलर, बाहेर ४४ अंश. वीस मिनिटं चालवून आणलेली १९७२ ची शेव्हरोले नोव्हा पंपावर उभी केली, टाकी भरली, चावी फिरवली आणि नुसतं ‘टक’. परत फिरवली, परत ‘टक’. मागे तीन गाड्या ताटकळत. चाळीस मिनिटांनी, इंजिन जरा निवल्यावर, तीच गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

असं दोन उन्हाळे चाललं. तेवढ्यात मी तीन स्टार्टर बदलले. प्रत्येक नवा स्टार्टर दोन-तीन आठवडे चालायचा, आणि मला वाटायचं, सुटलो. मग एखाद्या दुपारी परत ‘टक’. आता इथे जुन्या नोव्हा, कॅमारो, शेव्हेल घेऊन घरच्या गॅरेजमध्ये खटपट करणारे आपले लोक भेटतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचा कधी ना कधी हाच प्रश्न येतो: “गाडी गार असताना झकास, गरम झाली की सुरूच होत नाही, काय बदलू?” काहीही बदलू नका. आधी मला सांगा, गरम गाडीची चावी फिरवल्यावर नेमकं काय होतं?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ‘गरम झाल्यावर सुरू होत नाही’ या एका वाक्यात निदान चार वेगळे बिघाड लपलेले असतात. नुसतं ‘टक’ होतं, किंवा तेही नाही, तर गोष्ट सोलेनॉइडची (स्टार्टर जोडणाऱ्या विजेच्या स्विचची) आणि वायरिंगची आहे. इंजिन कण्हत-कुंथत, अडखळत फिरतं, तर अर्थिंग, केबल किंवा टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ). छान फिरतं पण पेटत नाही आणि पेट्रोलचा वास येतो, तर कार्बोरेटर. छान फिरतं, वासही नाही, तर पेट्रोल पोचत नाही किंवा स्पार्क नाही. बिघाड चालू असताना, म्हणजे गाडी अडलेली असताना, हे पाहून ठेवायला हवं. गार झाल्यावर सगळेच पुरावे जातात.

माझ्या गाडीची थोडी माहिती देतो, कारण बहुतेकांच्या गाड्या अशाच उभ्या राहतात. मूळ इंजिन ३०७ (घन इंचांचं) होतं, दमलेलं. भंगारातल्या १९८४ च्या पिकअपमधून ३५० आणलं. तेच माउंट, तीच फ्लेक्सप्लेट (स्टार्टर जिला फिरवतो ती दातेरी चकती), सगळं बसतं. (१९८६ पासून क्रँकचं मागचं सील एकसंध झालं आणि फ्लेक्सप्लेट बदलली. कमी खर्चात करायचं असेल तर १९८५ पर्यंतचं इंजिन शोधा.) सोबत स्वस्तातले लांब नळ्यांचे हेडर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या), चार बॅरलचा कार्बोरेटर आणि जुना एचईआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा, डिस्ट्रिब्युटर. गाडी अडायला लागली ती या बदलांनंतर. हेडरची एक नळी स्टार्टरपासून जेमतेम दोन बोटांवरून जाते. साहजिकच मी सगळा दोष उष्णतेला दिला. उष्णता होतीच, पण ती फक्त आधीच कमकुवत असलेल्या गोष्टी उघड्या पाडत होती.

नुसतं ‘टक’ होत असेल तर

स्टार्टरच्या डोक्यावर सोलेनॉइड बसतो. तो ओढला गेला की पिनियन (स्टार्टरचं छोटं दातेरी चाक) फ्लेक्सप्लेटच्या दातांत जातं आणि जाड केबलचा करंट मोटरला मिळतो. त्याला ओढायला करंट येतो तो जांभळ्या वायरमधून, ‘एस’ टर्मिनलवर. आता ही जांभळी वायर कुठून कुठून येते बघा: बॅटरीपासून फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) जोडणीतून आत, इग्निशन स्विचमधून, न्यूट्रल सेफ्टी स्विचमधून (गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असेल तरच स्टार्टर चालू देणारा), परत फायरवॉलमधून बाहेर, आणि मग खाली स्टार्टरपर्यंत. पन्नास वर्षं जुने सांधे, प्रत्येक ठिकाणी थोडा गंज, थोडी ढिलाई. गार असताना कसंबसं भागतं. गरम झाल्यावर सोलेनॉइडच्या तांब्याच्या गुंडाळीचा रोध वाढतो. तापमान १०० अंशांनी चढलं तर तो जवळजवळ ४० टक्के वाढतो. म्हणजे ओढायला ताकद जास्त लागण्याच्या वेळीच करंट कमी मिळतो.

इथे ओहम मोजून काही कळत नाही. मीही आधी तेच केलं होतं, मीटरवर सगळीकडे शून्य दिसलं आणि वायरिंग ठीक आहे असं मी ठरवून टाकलं. पण स्टार्टरच्या केबलमधून दीड-दोनशे अँपिअर वाहतात. २०० अँपिअरला ५ मिलिओहमचा अडथळासुद्धा १ व्होल्ट खातो, आणि ५ मिलिओहम साध्या मीटरला दिसतच नाहीत. म्हणून करंट वाहत असतानाच व्होल्टेज कुठे पडतं ते मोजायचं. दहा डॉलरचा मल्टीमीटर आणि चावी फिरवायला एक माणूस, एवढं पुरतं. माझ्याकडे ते काम माझ्या मुलीने केलं.

आधी सुरक्षेचं: गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडसर, आणि गाडी उचललेली असेल तर स्टँडवरच, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. एचईआयच्या टोपीवरची ‘बॅट’ लिहिलेली वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन पेटणार नाही. हेडर तापलेला असतो, म्हणून मीटरच्या वायरी आधीच लांब करून, क्लिपने जोडून, वर काढून ठेवा. गाडी चांगली वीस-पंचवीस मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं बॉनेट लावून तशीच ठेवा. बंद केल्यानंतरच खालचं तापमान सगळ्यात जास्त चढतं.

पहिलं मोजमाप ‘एस’ टर्मिनलचं. मीटरची काळी क्लिप स्टार्टरच्या अंगाला, लाल ‘एस’ला, आणि चावी फिरवायला सांगा. माझ्या गाडीत बॅटरीवर १२.१ व्होल्ट असताना ‘एस’वर ७.४ दिसले. पावणेपाच व्होल्ट वाटेत गायब. तीन स्टार्टर फुकट गेले होते, आणि दोष त्यांच्यातल्या एकाचाही नव्हता. नवा स्टार्टर दोन आठवडे चालायचा तो एवढ्यासाठीच, की त्याची गुंडाळी नवी आणि आतलं सरकणारं लोखंड स्वच्छ, त्यामुळे ७.४ वरही तो कसाबसा ओढला जायचा.

यावर दोन उपाय आहेत. एक, प्रत्येक सांधा उघडून साफ करणं. करायलाच हवं, पण वेळखाऊ. दुसरा, रिले. साधा ४० अँपिअरचा चार पायांचा ऑटो रिले घ्या. जुनी जांभळी वायर स्टार्टरवरून काढून रिलेच्या ८६ ला लावा, ८५ अर्थला, ३० वर बॅटरीकडून फ्यूज लावलेली १० गेजची वायर, आणि ८७ पासून तसलीच वायर थेट ‘एस’ला. आता जुन्या वायरिंगला फक्त रिलेची इवलीशी गुंडाळी चालवायची आहे, ते काम ती ७ व्होल्टवरही करते. रिले हेडरपासून लांब, आतल्या फेंडरवर बसवा. माझा खर्च वायर धरून वीस डॉलरच्या आत. त्यानंतर ‘एस’वर गरम असताना ११.३.

खूपजण यासाठी फोर्डच्या पद्धतीचा वेगळा सोलेनॉइड फेंडरवर बसवतात आणि स्टार्टरवर ‘एस’ आणि मोठा बोल्ट पट्टीने जोडून टाकतात. जुन्या मोठ्या स्टार्टरवर ते चालतं. पण कायम चुंबकाच्या छोट्या गिअर रिडक्शन स्टार्टरवर ही पट्टी लावू नका. चावी सोडल्यावर फिरती मोटर स्वतःच वीज तयार करते, ती पट्टीतून ‘एस’ला मिळते आणि पिनियन क्षणभर दातांतच अडकून राहतं. कर्रर्र असा आवाज येतो आणि दात जातात.

कण्हत फिरत असेल तर

रिले बसवल्यावर माझी गाडी ‘टक’वर थांबायची बंद झाली, पण गरम असताना अजूनही दमल्यासारखी फिरायची. मग जाड केबलींची पाळी. लाल क्लिप बॅटरीच्या धन खांबावर, काळी स्टार्टरच्या मोठ्या बोल्टवर, इंजिन फिरवा: अर्ध्या व्होल्टच्या वर जायला नको. माझं ०.४, ठीक. मग एक क्लिप बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर. इथे ०.२ च्या आसपास हवं. माझं आलं १.१.

कारण शोधायला पाच मिनिटं लागली. इंजिन रंगवताना मी ब्लॉकचा तो कोपराही रंगवला होता, आणि अर्थची केबल त्या चकचकीत नारिंगी रंगावर आवळली होती. रंग खरवडला, चांदणीसारखा दातेरी वॉशर टाकला, ४ गेजची जुनी केबल काढून तिच्याहून जाड १/० गेजची वेल्डिंग केबल लावली, आणि इंजिनापासून बॉडीला एक वेगळी पट्टी जोडली. ०.१५ व्होल्ट. तुमच्या बॅटरीचे खांब बाजूला असतील तर तो बोल्ट पूर्ण काढून आत बघा. बाहेरून स्वच्छ दिसतो आणि आत हिरवट गंज भरलेला असतो.

व्होल्टेज सगळं बरोबर आहे आणि तरी इंजिन मध्येच ‘ढप’ करून उलटं ढकलल्यासारखं थांबतं, तर टायमिंग बघा. चाचणी सोपी आहे: एचईआयची ‘बॅट’ वायर काढा आणि गरम इंजिन फिरवा. वायर काढल्यावर मोकळं फिरत असेल तर स्टार्टर निर्दोष आहे. स्पार्क फार लवकर पडतोय आणि पिस्टन वर यायच्या आत स्फोट त्याला मागे ढकलतोय. साध्या हेडच्या ३५० ला सुरुवातीचं १० ते १४ अंश आणि तीन हजार आरपीएमच्या आसपास एकूण ३४ ते ३६ अंश चांगलं चालतं. पण टायमिंग लाइटवर डोळे मिटून विश्वास ठेवण्याआधी बॅलन्सर (क्रँकच्या पुढच्या टोकाचं, टायमिंगची खूण असलेलं चाक) तपासा. जुन्या बॅलन्सरचं रबर सुटून बाहेरची कडी सरकते आणि खूण खोटी पडते. वेगवेगळ्या सालांच्या इंजिनांचा बॅलन्सर आणि खुणेची पट्टी एकत्र बसवली तरी तेच होतं. पहिल्या सिलिंडरमध्ये पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा बोल्ट) लावून खरा वरचा बिंदू शोधा, त्याला अर्धा तास लागतो.

उष्णतेचं काय? ढाल हवीच. स्टार्टरभोवती उष्णतारोधक गुंडाळी किंवा पत्र्याची ढाल, दोन्ही चालतं. हेडरलाच पट्टी गुंडाळण्याच्या मी विरोधात आहे, निदान स्वस्तातल्या साध्या पोलादी हेडरला तरी. ओलावा आत अडकतो आणि नळ्या सडतात. स्टार्टर खरोखरच मेला असेल तर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या ३५० पिकअपचा छोटा गिअर रिडक्शन स्टार्टर भंगारातून घ्या. हेडरपासून लांब राहतो आणि कमी करंटमध्ये फिरतो. घेण्याआधी आपल्या फ्लेक्सप्लेटचे दात मोजा, १५३ की १६८. बोल्टांची मांडणी त्यावर ठरते. आणि स्टार्टर काढण्याआधी बॅटरीची ऋण केबल सोडा. त्या मोठ्या बोल्टला थेट बॅटरी आलेली असते, मध्ये फ्यूज नसतो.

छान फिरतं पण पेटत नाही

वायरिंग सुधारून आठ महिने झाले. मग एप्रिल आला, आणि गाडी परत सुरू होईना. यावेळी इंजिन जोरात फिरत होतं. हा वेगळाच आजार होता, आधीच्याच्या सावलीत दडलेला.

एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हाताने उघडा आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघा. अॅक्सिलरेटर पंपाची धार जोरात पडली तर वाटीत (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या साठ्यात) पेट्रोल आहे. धार नाही, तर वाटी रिकामी आहे किंवा पंपाचं रबर गेलंय. हे बघताना सिगारेट, ठिणगी काहीही जवळ नको, तोंड लांब ठेवा, आणि अग्निशामक हाताशी.

माझ्याकडे धार होती, उग्र वासही होता. गाडी बंद करून आठ मिनिटांनी बूस्टरमधून (कार्बोरेटरच्या तोंडातल्या पेट्रोल सोडणाऱ्या नळ्यांमधून) पेट्रोल टप टप आत गळताना डोळ्यांनी दिसलं. आजच्या पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, आणि १० टक्के इथेनॉलने बाष्पदाब सुमारे १ पीएसआयने आणखी वाढतो. इंजिन बंद झालं की थंड पेट्रोल येणं थांबतं, खालच्या मॅनिफोल्डची (हवा-पेट्रोल इंजिनात नेणाऱ्या भागाची) उष्णता वर चढते, वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि आत सांडतं. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळीत अडकलेलं पेट्रोलही फुगतं आणि वाटीच्या तोंडाशी पेट्रोल अडवणाऱ्या निडल वाल्व्हला ढकलून वाटीत शिरतं. एप्रिलच का? हिवाळ्याचं पेट्रोल थंडीत पेटावं म्हणून जास्त उडणारं असतं. मार्चमध्ये भरलेली टाकी पहिल्या तापलेल्या दुपारी अशी त्रास देते. म्हणूनच काहींना जुलैपेक्षा एप्रिल जड जातो.

एक फरक लक्षात ठेवा. इंजिन चालू असतानाही बूस्टर गळत असतील तर ते उकळणं नाही. फ्लोटची पातळी, निडल किंवा पंपाचा जास्त दाब हे कारण आहे. वीसेक डॉलरचा दाबमापक लावून बघा. बहुतेक चार बॅरलच्या कार्बोरेटरांना ६ पीएसआयच्या आसपास पुरतो. माझा नवा यांत्रिक पंप ८ देत होता. रेग्युलेटर लावून ५.५ वर आणला, निम्मा त्रास तिथेच संपला.

उरलेल्यासाठी तीन गोष्टी केल्या. कार्बोरेटरखाली अर्ध्या इंचाचा फेनॉलिक (उष्णता अडवणारा) स्पेसर टाकला. टाकण्याआधी एअर क्लीनरच्या झाकणावर मुलीच्या खेळातल्या मातीचा गोळा ठेवून बॉनेट हलकेच लावून पाहिलं, किती जागा उरते ते कळलं. दुसरं, इनटेक गॅस्केट बदलताना मधला एक्झॉस्टचा आडवा मार्ग पत्र्याच्या चकतीने बंद केला. या मार्गाने गरम वायू मुद्दाम कार्बोरेटरखालून फिरवलेला असतो, थंडीत पेट्रोलची वाफ व्हावी म्हणून. ॲरिझोनात त्याची गरज नाही. मिशिगन, मिनेसोटात राहत असाल आणि गाडी हिवाळ्यात काढत असाल तर बंद करण्याआधी विचार करा. तुमचा चोक अजून मूळचा असेल, म्हणजे त्याची स्प्रिंग मॅनिफोल्डमधल्या खळग्यात बसलेली असेल, तर तो मार्ग बंद केल्यावर चोक उघडणारच नाही. इलेक्ट्रिक चोक लावावा लागेल.

तिसरी गोष्ट रिटर्न लाइन. तीन तोंडांचा फिल्टर, तिसरं तोंड बारीक भोकाचं आणि वरच्या बाजूला, तिथून नळी टाकीकडे परत. वाफ आणि बंद झाल्यावरचा दाब तिथून निघून जातो. होज इथेनॉल सोसणारा घ्या, आणि काचेचा शोभेचा फिल्टर हेडरच्या जवळपाससुद्धा नको, तिथे आग लागते.

वाटी रिकामी निघाली, किंवा चालता चालता चढावर गाडी गुदमरते, तर वाफ पंपाच्या आधीच्या नळीत अडतेय. वडिलांच्या जुन्या गाडीला खंबाटकी घाटात असंच व्हायचं. ते इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओला फडका टाकायचे, आम्ही भावंडं बाटलीतून पाणी ओतायचो आणि दहा मिनिटांत गाडी निघायची. इथले जुने लोक त्याच कामासाठी नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचे. चिमट्यांवर माझा विश्वास नाही. फडक्यातलं पाणी खरोखर उडतं आणि उष्णता घेऊन जातं. पण कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून दूर नेणं आणि टाकीच्या बाजूचा चिरलेला होज बदलणं. तिथून हवा ओढली जाते आणि वाफेसारखीच लक्षणं दिसतात.

स्पार्कबद्दल थोडक्यात. जुन्या प्लॅटिनम पॉइंटच्या इग्निशनची कॉइलकडे जाणारी वायर रोधाची असते, मुद्दाम व्होल्टेज पाडणारी. एचईआय त्या वायरवर जोडला तर चालतो, पण अर्धपोटी, आणि गरम असताना दगा देतो. चावी चालू करून ‘बॅट’वर मोजा, बॅटरीएवढेच व्होल्ट हवेत. नसतील तर फ्यूज बॉक्सपासून नवी १२ गेजची वायर ओढा. एचईआयचं मॉड्यूल बदलताना त्याखाली उष्णता वाहणारं ग्रीस लावायला विसरू नका, आणि डिस्ट्रिब्युटरमधली पिकअप कॉइल गरम असतानाच मोजा: ५०० ते १५०० ओहम.

आत्ता, या क्षणी पार्किंगमध्ये अडकला असाल तर: बॉनेट उघडा, वारा लागू द्या. वास येत असेल तर पेडल एकदाच तळापर्यंत दाबून तसंच धरा, पंप करू नका, आणि सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका. वास नसेल तर पेट्रोलच्या नळीवर आणि पंपावर ओला फडका. पाणी तापलेल्या हेडरवर सांडू देऊ नका. ‘टक’ असेल तर चावीला त्रास न देता वीस मिनिटं थांबा. आणि घरी जाऊन सगळ्यात आधी ‘एस’वरचा आकडा लिहून ठेवा, तापमानासकट. माझ्या गॅरेजच्या भिंतीवर शेवटची नोंद गेल्या ऑगस्टची आहे: बाहेर ४५, बंद करून १० मिनिटं, ‘एस’वर ११.२, अर्थ ०.१६, पहिल्या चावीला सुरू.